मंद आंचेचा कुकर : सोय आणि गैरसोय



कुकर म्हटला म्हणजे आपल्या कानांत शिटी वाजते. वाफ कोंडावयाची, तिचा दाब वाढवावयाचा, आंतील तापमान १२० अंशांच्या आसपास न्यावयाचें, आणि उघड्या पातेल्यांत जें तासभर रटमटत राहिलें असतें तें पंधरा-वीस मिनिटांत उरकावयाचें, हा त्या यंत्राचा बाणा. आज ज्या भांड्याविषयीं मी बोलणार आहें, त्याचा बाणा अगदीं उलट आहे. त्याला शिटी नाहीं, दाब नाहीं आणि घाई तर मुळींच नाहीं. सकाळीं आठ वाजतां त्यांत मांस, कांदा व पाणी घालून झांकण ठेवावें आणि संध्याकाळीं पांच वाजतां तें उघडावें. इंग्रजींत याला स्लो कुकर म्हणतात. मराठींत कोणी ‘मंदाग्निपात्र’ असें नांव सुचवील. परंतु मंदाग्नि हा शब्द ऐकल्याबरोबर वैद्यांची आठवण होऊन आहे ती भूकहि जाते, म्हणून मी आपला ‘मंद आंचेचा कुकर’ असेंच म्हणेन.

परदेशीं राहाणाऱ्या मुलामुलींच्या घरीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं हें भांडें पाहिलें असेल. आतां तें येथील दुकानांतहि मिळतें. तें घ्यावें कीं न घ्यावें, असा प्रश्न भगिनीवर्गाकडून वारंवार विचारला जातो. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्याजोगें नाहीं. कारण तें उत्तर भांड्याच्या गुणांवर जितकें अवलंबून आहे, त्याहून अधिक आपल्या घरांतील दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो यावर अवलंबून आहे.

प्रथम त्याची रचना पाहूं. आंत झिलई दिलेलें चिनी मातीचें जाड भांडें, बाहेर धातूचें कवच, आणि या दोहोंच्या मधोमध विजेनें तापणारी तार. वर कांचेचें झांकण. आंच बुडापेक्षां बाजूंनीं अधिक लागते, म्हणून पदार्थ खालीं लागत नाहीं आणि ढवळावा लागत नाहीं. ‘मंद’ आणि ‘तेज’ अशा दोन पायऱ्या असतात. त्यांतील भेद पुष्कळांना नीट उमगत नाहीं. बहुतेक भांड्यांत दोन्ही पायऱ्या शेवटीं उकळीच्या किंचित् खालच्या तापमानालाच जाऊन पोंचतात. तेज पायरी तेथें लौकर पोंचते, मंद पायरी उशिरां, एवढाच फरक.

विजेचा खर्च फार थोडा येतो, असें विकणारे सांगतात. हिशेब करून पाहूं. १५० वॅटचें भांडें आठ तास चाललें तर १.२ युनिट वीज जाते. म्हणजे पातेलें उघड्या शेगडीवर तीन तास ठेवण्यापेक्षां हा मार्ग खात्रीनें स्वस्त. पण दाबाच्या कुकरांत तेंच मांस अर्ध्या-पाऊण तासांत शिजतें, आणि त्याच्याशीं तुलना केली तर बचत कांहींच नाहीं, कदाचित् थोडा तोटाच. ज्याला इंधन वाचवावयाचें आहे त्यानें आपला शिटीचा कुकर सोडूं नये.

या भांड्याचा जन्म शिकागोचा. अर्व्हिंग नॅक्सन नांवाच्या इंजिनियरानें १९३६ सालीं त्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला व १९४० सालीं तें त्याला मिळालें. कल्पनेचें मूळ मात्र त्याच्या आईनें सांगितलेल्या एका आठवणींत होतें. ती मूळची लिथुआनियाकडील. तिकडे व्हिल्ना गांवीं ज्यू कुटुंबें शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं मांस, कडधान्य व बटाटे भरलेलें भांडें पाववाल्याच्या भट्टींत नेऊन ठेवीत. भट्टीची आंच रात्रभर उतरत जाई आणि दुसऱ्या दिवशीं तें भांडें ऊन ऊन घरीं येई. शनिवार हा त्यांचा शब्बाथाचा दिवस. त्या दिवशीं अग्नि पेटविणें आणि रांधणें दोन्ही निषिद्ध. त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, त्यावरून त्यांना ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें. तोच हा शनिवार. नॅक्सननें भट्टीच्या जागीं विजेची तार बसविली. त्याच्या भांड्याचें नांव ‘नॅक्सन बीनरी’. १९७० सालीं त्यानें आपला धंदा कॅन्सस सिटी येथील रायव्हल कंपनीला विकला, आणि त्या कंपनीनें १९७१ सालीं तेंच भांडें ‘क्रॉक-पॉट’ या नव्या नांवानें बाजारांत आणलें. त्या दशकांत अमेरिकेंतील स्त्रिया मोठ्या संख्येनें नोकरीसाठीं घराबाहेर पडत होत्या. सकाळीं भांडें लावून जा आणि संध्याकाळीं जेवण तयार, हें आश्वासन त्यांच्या मनाला भिडलें यांत नवल नाहीं. आंतील भांडें बाहेर काढून धुण्याची सोय मात्र १९७४ सालीं झाली. त्यापूर्वीं विजेचें सबंध यंत्र सांभाळून घासणें किती त्रासाचें असेल, याची कल्पना ज्या घांसतात त्यांनाच येईल.

आपल्याकडे ही कल्पना नवी आहे काय? चुलीला जोडून वैल असे. चुलींतील जाळाचा उरलासुरला ताव त्याच्याकडे वळे आणि त्यावर दूध, डाळ, अंगाला लावावयाचें पाणी, जें म्हणाल तें तासन् तास बसून राही. वैलावरच्या दुधाला येणारी जाड, तांबूस साय ज्यांनीं खाल्ली आहे, त्यांना मंद आंचेचा महिमा मी सांगावयाला नको. दिल्ली-लखनौकडील निहारी ही रात्रभर शिजवून सकाळीं खावयाची. ‘नहार’ म्हणजे सकाळ, त्यावरूनच तें नांव. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं तर १९१० सालींच ‘इकमिक कुकर’ तयार केला. एका उभ्या डब्यांत पाणी, त्यांत एकावर एक चढविलेले डबे, आणि खालीं कोळशाची लहानशी शेगडी. पुरी येथील जगन्नाथाच्या देवळांत एकावर एक हंड्या रचून प्रसाद शिजवितात, त्यावरून त्यांना ही युक्ति सुचली असें सांगतात. कोळसा पेटवून मनुष्य आपल्या कामाला जाई आणि परत येईपर्यंत भात, डाळ, भाजी सारें एकाच वेळीं तयार होई. एकट्यादुकट्याला आणि प्रवाशाला त्याचा फार उपयोग झाला.

आणि ज्यांना एक पैसाहि खर्चावयाचा नाहीं त्यांच्यासाठीं गवताची पेटी आहे. १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत नॉर्वेची अशी पेटी मांडली होती. दोन्ही महायुद्धांत इंधनाची टंचाई पडली तेव्हां ब्रिटनमधील गृहिणींनीं लांकडी पेटींत गवत ठांसून तींत उकळतें भांडें पुरून ठेविलें. आपल्या घरीं गवत नसेल, पण गोधडी आहे. भिजविलेले मूग किंवा मसूर दहा मिनिटें खळखळून उकळावे, झांकण न उघडतां पातेलें दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवावें, आणि दोन-तीन तासांनीं पाहावें. जाड बुडाचें, भरलेलें भांडें असेल तरच हें साधतें. अर्धें रिकामें भांडें लौकर निवतें. आणि खाण्यापूर्वीं त्याला पुन्हा एक उकळी काढलीच पाहिजे.

आतां मुख्य प्रश्न. या भांड्यांत काय चांगलें होतें आणि काय बिघडतें?

मांस चांगलें होतें, आणि तेंहि बोकडाच्या मांड्यांचें कोवळें मांस नव्हे, तर नळी, खांदा, पाय असले चिवट भाग. अशा भागांत कोलॅजेन नांवाचें चिवट द्रव्य असतें. ६०-७० अंशांपासून पुढें, पाण्याच्या सान्निध्यांत आणि पुष्कळ वेळ मिळाला तर, तें विरघळून त्याचें जिलेटिन बनतें. पायाच्या रश्श्याला जो चिकटपणा येतो तो हाच. येथें आंच वाढवून भागत नाहीं. फार उकळलें तर मांसाचे धागे आवळून त्यांतील रस बाहेर जातो. म्हणून खाटकाकडील स्वस्त भाग या भांड्यांत राजाच्या ताटांत वाढण्याजोगा होतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण, आणि माझ्या मतें भांडें विकत घेण्याला एवढें एकच कारण पुरेसें आहे. अर्थात् ज्या घरीं मांस शिजत नाहीं त्यांना हें कारण लागू नाहीं.

भाज्यांची गोष्ट वेगळी आणि थोडी आश्चर्याची. मांसापेक्षां बटाटा लौकर शिजतो, असा आपला नेहमींचा अनुभव. येथें तो उलटा होतो. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारें पेक्टिन सैल पडावयाला ८५ अंशांच्या वर ताप लागतो, आणि मंद कुकर तेथें पोंचावयालाच कांहीं तास घेतो. म्हणून मांस मऊ झालें तरी गाजर टणक, असें घडतें. कंदमुळें लहान चिरून तळाशीं व कडेनें रचावीं आणि मांस वर ठेवावें, हा त्यावर उपाय. चिंच, कोकम, टोमॅटो यांसारखी आंबट वस्तु आरंभीं घातली तर कडधान्य शिजतां शिजत नाहीं. आम्लानें पेक्टिन सैल पडत नाहीं. आंबट व गूळ शेवटच्या अर्ध्या तासांत घालावा. दूध, दहीं, नारळाचें दूध यांचेंहि तसेंच. आठ तासांत तीं फुटतात.

आमच्या स्वयंपाकाच्या दृष्टीनें या भांड्याचें खरें व्यंग मात्र निराळेंच आहे. त्यांत फोडणी होत नाहीं. मोहरी तडतडावयाला, कांदा तांबूस व्हावयाला, खोबरें खरपूस भाजावयाला जो ताव लागतो तो तेथें कधींच येत नाहीं. उकळीच्या खालीं राहाणाऱ्या भांड्यांत कांदा नुसता वितळतो. त्याचा उग्रपणा जातो, पण खमंगपणा येत नाहीं. पाणीहि आटत नाहीं. झांकणाला लागलेली वाफ थेंब थेंब होऊन परत आंत पडते. परिणामीं, पातेल्याच्या अंदाजानें पाणी घातलें कीं संध्याकाळीं रस्सा नव्हे, आंघोळीचें पाणी हातीं येतें. नेहमींच्यापेक्षां तिसरा हिस्सा पाणी कमी घालावें, हें बरें. मसाल्यांतील सुवासहि इतक्या तासांत उडून जातो. म्हणजे सकाळीं कढई काढून वाटण परतणें चुकत नाहींच, आणि संध्याकाळीं वरून फोडणी व गोडा मसाला देणेंहि चुकत नाहीं. एका भांड्यांत सगळें, ही परदेशी जाहिरातींतील गोष्ट आपल्या घरीं दोन भांड्यांची होते.

आणखी एक गोष्ट सांगावयाला हवी. आपल्या जेवणाचा निम्मा खटाटोप पोळी-भाकरीचा. त्याला हें भांडें हात लावीत नाहीं. भातालाहि तें निरुपयोगी. सहा तासांत तांदुळाची खळ होते. तान्ह्या मुलाला किंवा आजाऱ्याला खिमट हवें असेल तर मात्र उत्तम.

येथवर चवीची चर्चा झाली. पण ज्या बाबतींत चुकल्यास जीवाशीं गांठ पडते, त्या दोन बाबी मी विस्तारानें सांगणार आहें.

पहिली राजम्याची. लाल राजम्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. चार-पांच कच्चे दाणे पोटांत गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या ओकाऱ्या आणि मागाहून जुलाब होऊं शकतात. खळखळून उकळल्यानें तें नष्ट होतें. परंतु ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनहि अधिक विषारी ठरूं शकतो, असें आढळून आलें आहे. आणि मंद कुकरांतील तापमान नेमकें अशाच टापूंत बराच काळ रेंगाळतें. दाणा मऊ झाला म्हणजे तो निर्धोक झाला, ही समजूत येथें घातक आहे. राजमा निदान पांच तास भिजवावा, तें पाणी फेंकून द्यावें, ताज्या पाण्यांत त्याला खळखळा उकळावें, आणि मगच मंद कुकरांत घालावा. दहा मिनिटांच्या उकळीनें विष जातें. तथापि अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें खबरदारी म्हणून ३० मिनिटें सांगितलीं आहेत, तीं पाळावीं. शिटीच्या कुकरांत नीट शिजविलेल्या राजम्याला हें भय नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत घरोघर राजमा शिजतो आणि कोणाला कांहीं होत नाहीं, याचें श्रेय त्या शिटीलाच.

दुसरी बाब जंतूंची. ५ ते ६० अंश हा टापू जंतूंच्या वाढीला सोयीचा. अन्नानें तो लौकर ओलांडला पाहिजे. गोठलेलें मांस तसेंच्या तसें मंद कुकरांत टाकलें तर तें तासन् तास या टापूंत पडून राहातें. मांस आधीं पुरतें निवळूं द्यावें, पण तें शीतकपाटांत, ओट्यावर नव्हे. भांडें अर्ध्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून अधिक भरूं नये. शिळें अन्न ऊन करण्यासाठीं तें वापरूं नये. आधीं शेगडीवर उकळी काढून मग ऊन ठेवण्यापुरतें वापरावें. झांकण पुन्हां पुन्हां उघडूं नये. कोंडलेली ऊब एकदां गेली कीं या अशक्त तारेला ती परत आणावयाला बराच वेळ लागतो. सासूबाई येऊन एकदां, जाऊबाई येऊन एकदां, अशी चौकशी होणाऱ्या घरांत आठ तासांचे दहा तास होतील.

आणि वीज? अमेरिकेंतील पुस्तकांत या प्रश्नाला चार ओळी पुरतात. आपल्याकडे तो पहिल्या पानावर यावयाला हवा. आपण कचेरींत असतां दुपारीं तीन तास वीज गेली आणि परत आली, तर संध्याकाळीं भांडें गरमच लागेल, रस्सा वाफाळतच असेल, आणि मधल्या वेळांत काय झालें याचा पत्ता लागणार नाहीं. जंतु मरतील, पण कांहीं जंतूंनीं सोडलेलें विष पुन्हा तापवूनहि जात नाहीं. घरीं कोणी नसतां वीज गेली होती असें कळलें, तर तें अन्न टाकून द्यावें. मटणाचा भाव आठवून हात आंखडतो हें खरें. म्हणूनच ज्या गांवीं वीज बेभरंवशाची आहे, तेथें हें भांडें लावून बाहेर जाऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां वेळेच्या बचतीविषयीं. हें यंत्र काम वाचवीत नाहीं. कामाची वेळ बदलतें. चिरणें, वाटणें, परतणें हीं कामें संध्याकाळच्या सहा वाजतांऐवजीं सकाळच्या सहा वाजतां करावीं लागतात. आणि आपल्या घरांत सकाळचे सहा ते आठ म्हणजे काय असतें? डबे, दूध, शाळेची घंटा, पाण्याची वेळ. त्या गर्दींत संध्याकाळच्या रश्श्याचें वाटणहि ज्या बाईच्या अंगावर पडेल, तिला ही सोय वाटेल काय? घरांतील पुरुष सकाळीं कांदा चिरावयाला बसत असतील तर गोष्ट निराळी. तसें नसेल तर या भांड्यानें एका बाईचें काम दुसऱ्या वेळीं त्याच बाईवर टाकलें, एवढेंच.

म्हणून मला वाटतें, आपल्या घरांनीं परदेशी वेळापत्रक उचलूं नये. तें उलटें करावें. रात्रीं दहा वाजतां भिजलेले हरभरे, काळे वाटाणे किंवा पाया भांड्यांत घालावा आणि सकाळीं सहा वाजतां काढावा. रात्रीं आपण घरींच असतों. वीज गेली तर पंखा बंद पडतो आणि सर्वांना कळतें. सकाळीं फक्त फोडणी द्यावयाची, कीं डब्याची उसळ तयार. ज्या घरीं वृद्ध माणसें एकटीं राहातात, तेथें उघडा जाळ नाहीं व शिट्या मोजावयाच्या नाहींत, ही मोठी निश्चिंति आहे. मात्र मातीचें भांडें जड असतें. तें भरलेलें उचलण्याची ताकद त्यांच्या मनगटांत आहे कीं नाहीं, हें पाहूनच लहान मापाचें घ्यावें.

एक छोटीशी अडचण राहिली. आठ तास शिजणाऱ्या मटणाचा वास आठ तास दरवळतो. दोन खोल्यांच्या घरांत, विशेषतः शेजारीं श्रावण पाळणारें बिऱ्हाड असलें, तर हा विचार आधींच केलेला बरा.

ज्यांनीं भांडें घेतलेंच आहे त्यांनीं आरंभ पायापासून करावा. चार पाय स्वच्छ भाजून-धुवून घ्यावे. कांदा व सुकें खोबरें कढईंत काळपट तांबूस होईतों परतून, आलें-लसणीसह वाटावें. पाय शेगडीवर एक उकळी काढून, तें पाणी ओतून टाकून, वाटणासह मंद कुकरांत घालावे. वरून ते बुडतील इतकेंच उकळतें पाणी, हळद व मीठ. पाणी आटणार नसल्यामुळें मिठाचा अंदाज आरंभींच नीट धरावा. मंद पायरीवर दहा तास. सकाळीं वर सांचलेली चरबी पळीनें काढून घ्यावी, मिरीची पूड व लिंबू घालावें, आणि कोथिंबीर मात्र पान वाढल्यावर.